व्यंकटच्या नावाची फुली

भूत असतं, तर सगळ्यात आधी ते माझ्याकडे तक्रार घेऊन आलं असतं. वीस वर्षांहून जास्त काळ मी शवविच्छेदन करते आहे. इतक्या माणसांना मी शेवटचं पाहिलं, पण त्यातलं एकही नंतर मला भेटायला आलं नाही. जिवंत नातेवाईक मात्र भरपूर येतात आणि तेच जास्त त्रास देतात.

या सदरातले अनुभव माझी नणंद मला व्हॉट्सॲपवर पाठवत असते. चकवा, पांढरी साडी, पिंपळ... मी दोन ओळी वाचते आणि वरणाला फोडणी द्यायला उठते. पण एकदा बोलता बोलता हा प्रसंग तिला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "वैनी, तुम्ही लिहून पाठवा, नाहीतर मी पाठवते." तिनं लिहिलं असतं तर त्यात पिंपळ नक्की आला असता. म्हणून मीच लिहिते आहे.

मी मूळची मुरुडची, सासर लातूर. नवरा लातूरला शाळेत शिकवतो, मी नोकरीसाठी नांदेडला. शनिवारी दुपारची बस, सोमवारी पहाटेची. रुग्णालयाचं नाव देत नाही, आणि खाली आलेली माणसांची नावंही खरी नाहीत. बाकी सगळं जसं घडलं तसं.

आमचं शवागृह मुख्य इमारतीच्या मागे आहे. सायकल स्टँड ओलांडला की एक बसकी इमारत लागते, तीच. दोन टेबलं, उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीबाहेर कडुलिंब. उजेड उत्तम. काम दिवसाढवळ्या चालतं, बाजूच्या खोलीत चहा उकळत असतो, कॉन्स्टेबल मोबाईलवर क्रिकेट बघत बसलेला असतो. घाबरायला तिथं वावच नाही.

आता मूळ गोष्ट. अपघातात माणूस गेला की त्याची दोन निदानं असतात. एक वॉर्डातलं, म्हणजे तो जिवंत असताना डॉक्टरांनी केलेलं. दुसरं आमचं, टेबलावरचं. ही दोन्ही जुळतात का, हे तपासायचं काम मी अंगावर घेतलं होतं. जुने केस पेपर काढायचे, त्यासमोर पीएमचे, म्हणजे शवविच्छेदनाचे, कागद ठेवायचे, आणि तक्ता भरायचा — वॉर्ड काय म्हणालं, टेबल काय म्हणालं, जुळलं की नाही.

बरेचदा जुळतं. जिथं जुळत नाही तिथं चूक बहुतेक वेळा एकाच जातीची असते. आमच्याकडे अपघाताचा पेशंट थेट येत नाही. आधी वाटेतल्या छोट्या दवाखान्यात जातो, तिथून चिठ्ठी घेऊन ॲम्ब्युलन्सनं येतो. त्या चिठ्ठीवर पहिल्या डॉक्टरनं घाईत 'डोक्याला मार' लिहिलं की ते कॅज्युअल्टीत उतरतं, तिथून वॉर्डात, तिथून आयसीयूत. सगळे डोक्याकडे बघत राहतात आणि माणूस पोटानं जातो. सोनोग्राफी एकदा 'नॉर्मल' लिहिली गेली की तीही रोज सकाळी तशीच खाली उतरवली जाते. दोन दिवसांपूर्वीचं पोट आजचं म्हणून.

सर्जरीवाले माझ्यावर चिडून होते. एक जण तोंडावर म्हणाला, "मॅडम, तुमचा पेशंट हलत नाही, ओरडत नाही, त्याचं बीपी पडत नाही, त्याचे पाहुणे तुमची कॉलर धरत नाहीत. आम्हाला एक दिवस असा पेशंट द्या, आमचंही निदान चुकणार नाही." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी त्याला चहा पाजला आणि तक्ता भरत राहिले.

हे करताना गणपतमामा मध्ये आले.

मामा म्हणजे आमचे शवागृहातले जुने कर्मचारी. निवृत्तीला तेव्हा वर्षभर उरलं होतं. बारीक अंगाचे, कानात बाळी, पान न खाणारे. शरीर उघडायचं, शिवायचं, धुवायचं, हे सगळं त्यांच्या हातून. लिहायचं आणि सही करायची आमच्या हातून. त्यांची एक सवय होती. टेबलावर माणूस आला की आधी पोलिसांच्या कागदावरून नाव विचारून घ्यायचे. मग त्याच्या कपाळावर हात ठेवून, घरचं कुणी पडून आल्यावर विचारतात तसं विचारायचे — "दिगंबरकाका, कुठं लागलं ओ?" बाई असली तर "माय, कुठं लागलं गं?" थोडं थांबायचे. मग जवळ उभ्या असलेल्या शिकाऊ रेसिडेंट डॉक्टरला म्हणायचे, "साहेब, पोट नीट बघा." किंवा छाती, किंवा मान. रेसिडेंट पोरं त्याला 'मामांची सोनोग्राफी' म्हणायची.

मला ते आवडत नव्हतं. एकदा मी म्हणाले, "मामा, मेलेला माणूस कशाला सांगेल?"

"जित्याला कोण इचारतंय मॅडम? तेचा कागुद बघतेत नुसता." हात धुता धुता मामा म्हणाले. "सय्यदचाचांनी शिकवलं मला, म्या नवा होतो तवा. नाव घेऊन इचारायचं. नाव घेतल्याबिगर इचारायचं न्हाई."

"आणि बेवारस असला तर?"

"मग म्या इचारतच न्हाई. कोणाला हाक मारू?"

ते खरं होतं. अनोळखी प्रेत असलं की मामा गप्प काम करायचे.

आता मला तक्ते भरायची सवय. एखादी गोष्ट खोटी आहे असं वाटलं की मी भांडत बसत नाही, तपासते. आमच्याकडे छापील कागद असतात — माणसाच्या शरीराची नुसती रेघ, पुढून आणि मागून. जखमा दाखवायला वापरतो. मी मामांना म्हणाले, "उद्यापासून अपघाताची केस आली की तुम्ही काय विचारायचं ते विचारा, पण रेसिडेंटला काही सांगायचं नाही. या कागदावर नाव लिहा, पेन्सिलनं एक फुली मारा, पाकिटात घाला, पाकीट चिकटवून मला द्या. मी पीएम झाल्यावर उघडीन."

"परीक्षा घेऊन राहिलाव का माझी?" मामा हसले. "घ्या. चौथीच्या पुढं कोणी घेतलीच न्हाई."

महिनाभर पाकिटं जमली. आकडे देत नाही, तो काही शास्त्रीय अभ्यास नव्हता. एवढंच सांगते — वॉर्डाचं निदान काही वेळा चुकलं, मामांची फुली एकदाही चुकली नाही. बेवारस केसेसचे कागद कोरे आले.

मी हादरले वगैरे नाही. मला कारण दिसत होतं. पस्तीस वर्षं रोज शरीरं हाताळलेला माणूस. पोटात रक्त गेलेल्याची नखं आणि ओठ वेगळे दिसतात, छाती दबलेल्याचा चेहरा वेगळा, बरगडी मोडली की कातडीवर पुसटसा वळ असतो. कपाळावर हात ठेवून 'थोडं थांबतात' तेव्हा त्यांचे डोळे सगळं शरीर फिरून येतात, आणि त्यांना वाटतं कुणीतरी सांगितलं. घरोघरच्या सुगरणी मीठ मोजत नाहीत, तसंच हे. मी ते स्टाफ रूममध्ये सगळ्यांना पटवून दिलं. मामांनाही सांगितलं. ते म्हणाले, "असंल बी." पाकिटं मात्र चालूच राहिली.

तो दिवस मंगळवार होता. थंडी, उसाचा हंगाम. आदल्या संध्याकाळी देगलूरच्या रस्त्यावर एक मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. ट्रॉलीला मागे दिवा नाही, नेहमीचंच. गाडीवर दोघं. व्यंकट आणि माधव. देगलूरजवळच्या एकाच गावचे, वीस-बावीसचे, अंगानं सारखेच. नांदेडला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात एकत्र कामाला होते, गावी निघाले होते. एक जण आमच्याकडे पोचल्यावर तासाभरात गेला. दुसरा आयसीयूत, बेशुद्ध.

जो गेला त्याच्या जॅकेटच्या खिशात व्यंकटचं आधार कार्ड आणि मोबाईल सापडला. म्हणजे हा व्यंकट. मग वर आयसीयूत आहे तो माधव. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. सकाळी व्यंकटचे काका आले, त्यांनी जॅकेट पाहिलं, मोबाईल पाहिला, आणि कॉन्स्टेबलनं दाखवलं तिथं सही केली. व्यंकटचे आईवडील पुण्याकडे साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेले होते, आता वाटेत होते.

दहाच्या सुमारास काम सुरू केलं. वॉर्डाचं निदान — डोक्याला गंभीर मार. मामांनी नाव विचारलं. कपाळावर पट्टी होती म्हणून त्या दिवशी हात खांद्यावर ठेवला.

"व्यंकट, कुठं लागलं रे बापा?"

नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मी घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी कागदावर नाव लिहिलं, फुली मारली, पाकीट चिकटवून माझ्यापुढे ठेवलं.

तासाभरात पीएम झालं. कवटी पुढून फुटलेली, मेंदूत रक्त. डोक्यानंच गेला होता, शंका नाही. छाती ठीक. पोट संपूर्ण स्वच्छ. यकृत, प्लीहा, आतडी, सगळं जागच्या जागी. मी नेहमीप्रमाणे एकेक बोलत गेले, रेसिडेंट लिहीत गेला. पोटावर जुना व्रण नाही. अपेंडिक्स जागेवर. वॉर्डाचं निदान जुळलं.

मग पाकीट उघडलं. फुली डाव्या कुशीत, बरगडीच्या खाली. पोटावर.

खरं सांगते, मला बरं वाटलं. "मामा, आज नापास," मी कागद दाखवत म्हणाले. "डोकं सोडून पोटावर मारलीत. आतून बघा, काचेसारखं पोट आहे."

मामा हसले नाहीत. हात न धुता तसेच उभे राहिले. टेबलाकडे बघितलं, मग कागदाकडे.

"मॅडम, ह्यो व्यंकट न्हाई."

"म्हणजे?"

"म्या व्यंकटला इचारलं. त्येनं सांगितलं, डाव्या कुशीत लागलं. लई दुखालंय म्हणला." मामा अगदी हळू बोलत होते. "आन् ह्येच्या कुशीत काईच न्हाई. मंग ह्यो व्यंकट कसा हुईल?"

"मामा, चुकलं तर चुकलं म्हणा. कुणाचंही चुकतं."

"चुकलं आसंल तर लईच चांगलं," मामा म्हणाले. "पण तुमी त्येच्या काकाला इचारा की एकदा. काय जातंय इचारायला?"

मला राग आला होता. त्या रागातच बाहेर गेले, मामांचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून. काका कडुलिंबाखाली बसले होते, टॉवेलनं डोळे पुसत. मी विचारलं, "काका, व्यंकटच्या अंगावर काही खूण? जन्माची, लागल्याची, गोंदलेली?"

"खूण..." काकांनी आठवलं. "ते नाई का मॅडम, चौथीत असताना आपेंडिकचं आपरेशन झालं होतं. म्याच घेऊन गेलतो लातूरला. इथं." त्यांनी स्वतःच्या पोटाच्या उजव्या बाजूला बोट ठेवलं. "एवढा वण हाय की."

पाच मिनिटांपूर्वी मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं. पोटावर जुना व्रण नाही. अपेंडिक्स जागेवर.

मी धावत नाही. गुडघे दुखतात, आणि डॉक्टर धावला की पाहुणे घाबरतात. त्या दिवशी सायकल स्टँड ते आयसीयू मी धावले. हातात तो कागद होता, खाली ठेवायचंही सुचलं नाही.

आयसीयूबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. कपाळाला विभूती, मांडीवर स्टीलचा डबा. माधवची आई. पहाटेच देगलूरहून आली होती. मला एप्रनमध्ये बघून उठली, मी हातानंच थांबवलं आणि आत गेले.

'माधव' नावाच्या पाटीखालचा मुलगा. डोक्याला बँडेज, चेहरा सुजून भोपळ्यासारखा, तोंडात नळी. त्याला आई काय, आरसाही ओळखू शकला नसता. मी चादर बाजूला केली. पोटाच्या उजव्या बाजूला जुना, पांढरा पडलेला व्रण.

ड्युटीवरची रेसिडेंट आली. "मॅडम, तुम्ही इकडे?" फॉरेन्सिकवाल्या डॉक्टरला आयसीयूत बघून कुणालाच आनंद होत नाही.

"बीपी?"

"पडतंय मॅडम. नव्वदच्या खाली गेलंय. पल्स वाढलीय. हेड इंज्युरी आहे, त्यामुळे असेल... सरांना फोन लावतेय."

"मोठ्या माणसाचं बीपी असं डोक्यानं पडत नाही. रक्त कुठेतरी जातंय. सोनोग्राफीचं मशीन आण."

"काल केलीय मॅडम. नॉर्मल आहे." तिनं केस पेपर पुढे केला. आजच्या तारखेखालीही तेच उतरवलेलं होतं — पोट नॉर्मल.

"काल होतं. आता बघ."

तिनं मशीन ओढत आणलं, जेल लावलं. "कुठून सुरू करू?"

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. "डावी कूस. बरगडीखाली."

प्लीहेभोवती रक्त होतं. भरपूर. बघता बघता तिचा चेहरा उतरला, आणि मग पोरगी अशी कामाला लागली की मला बाजूला व्हावं लागलं. सर्जन पंधरा मिनिटांत आला, तोच चहा प्यायलेला. अर्ध्या तासात मुलगा थिएटरमध्ये होता. प्लीहा फुटलेली होती, काढावी लागली. सर्जन मला नंतर म्हणाला, "मॅडम, अजून तासभर गेला असता तर हा तुमच्याकडेच आला असता. तुमच्या तक्त्यात." मग म्हणाला, "पण तुम्हाला खालून कसं कळलं?"

मी त्याला व्रणाचं सांगितलं. ते खरंच होतं. नावांची अदलाबदल झाली होती, म्हणून मी वर आले, म्हणून बीपी दिसलं. फुलीचं मी तेव्हा सांगितलं नाही.

नावांचं कोडं संध्याकाळपर्यंत सुटलं. गाडी माधव चालवत होता. समोरून गार वारा, म्हणून व्यंकटनं आपलं जॅकेट त्याला दिलं होतं. चहाला थांबले होते त्या हॉटेलवाल्यानं पाहिलं होतं. खिशातलं आधार कार्ड तसंच राहिलं. एवढीच चूक. मित्रांची नाही, आमची. कागद बघितला, माणूस बघितला नाही.

व्यंकटच्या काकांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं, मग व्यंकटच्या आईला फोन लावला आणि नुसते म्हणत राहिले, "वैनी, गाडी कुठं आली? रडू नका वैनी. आधी गाडी कुठं आली ते सांगा."

आता उरली ती बाकावरची बाई. तिला कोण सांगणार यावर वॉर्डानं पोलिसांकडे बघितलं, पोलिसांनी वॉर्डाकडे. मी म्हणाले, मी सांगते. ज्याचं पीएम मी केलं, त्याच्या आईला मीच सांगायला हवं.

बाकावर तिच्या शेजारी बसले. "मावशी, आत आहे तो तुमचा माधव नाही. तो व्यंकट आहे. माधव काल रात्रीच गेला."

अशा वेळी लोक ओरडतात, छाती बडवतात, मला धरतात. मला सवय आहे. तिनं काहीच केलं नाही. डबा मांडीवरून उचलून बाजूला ठेवला.

"मंग आत म्या ज्येचे पाय चोळले त्ये..."

"व्यंकटचे."

"गार लागत होते," ती म्हणाली. मग म्हणाली, "कुठं लागलं होतं माझ्या माधवला?"

"डोक्याला. पुढून. लगेच शुद्ध गेली, त्याला काही कळलं नाही. बाकी सगळं अंग नीट होतं. मी स्वतः बघितलंय."

तिनं मान हलवली. तिला ते हवं होतं, आणि ते खरं होतं, म्हणून मला ते देता आलं.

"सकाळी दहाला मला आत सोडलं ना बाई," ती समोर बघत म्हणाली. "पाच मिनिटं. म्या त्येच्या कानापाशी वाकून इचारलं. माधव, कुठं लागलं रे बापा? कुठं दुखालंय? लई येळ इचारलं. काईच बोलला न्हाई."

इथं मी थांबते, कारण माझ्याजवळ जे स्पष्टीकरण होतं ते इथं संपतं.

मी नंतर सगळं तपासलं. मामा त्या दिवशी रजेवरून थेट कामावर आले होते, बसमधून उतरून सरळ शवागृहात. आयसीयूत गेले नव्हते, त्या वॉर्डातलं कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. बोललं असतं तरी डाव्या कुशीचं तोवर वॉर्डातही कुणाला माहीत नव्हतं. टेबलावरच्या शरीरात त्यांची अनुभवी नजर जाऊन थांबावी असं पोटावर काहीच नव्हतं, एक ओरखडाही नाही. योगायोग म्हणावा तर एवढी पाकिटं बरोबर आणि नेमकं हेच एक चूक, आणि ती चूकही वरच्या मजल्यावर जाऊन बरोबर निघावी. दहा वाजता वर एक आई माधवच्या नावानं विचारत होती, तो गप्प होता. त्याच सुमारास खाली मामा व्यंकटच्या नावानं विचारत होते. मी वेळा पुन्हा पुन्हा पडताळल्या आहेत.

मामांना विचारलं. ते म्हणाले, "म्या काय सांगू मॅडम. हाक मारली, ओ आली. रोजच येती. जित्याची बी येती हे मला बी ठाव नव्हतं." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी कुणालाच विचारलं नाही. परीक्षा नको म्हणाले.

माझ्याकडून एवढं झालं की आता पहिला छेद जाण्याआधी मी ओळखीच्या दोन खुणा स्वतः पडताळते, आणि वॉर्डात 'सोनोग्राफी नॉर्मल' वाचलं की 'कधीची?' असं विचारते. सर्जरीवाले वैतागतात. वैतागू देत.

व्यंकट नंतर तपासणीला आला तेव्हा मला भेटून गेला. त्याला अपघातानंतरचं काही आठवत नाही. मी खोदून विचारलं नाही. माझ्या मोबाईलची काच तडकलेली होती, ती त्यानं बदलून दिली. देगलूरला माधवच्या आईकडे दर महिन्याला जातो म्हणाला.

तक्ता पूर्ण झाला आहे. माधवची ओळ त्यात नीट बसली — वॉर्ड म्हणालं डोकं, टेबल म्हणालं डोकं, जुळलं. व्यंकटची ओळ त्यात येऊ शकत नाही. तो तक्ता मेलेल्यांचा आहे, आणि व्यंकट जिवंत आहे.

त्याच्या नावाचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पेन्सिलची फुली थोडी पुसट झाली आहे, पण जागा स्पष्ट दिसते. मी तो दोन-तीनदा काढून पाहिला. कुठे लिहायचं ते सुचलं नाही, परत ठेवून दिला.